विश्लेषण : टर्बो पेट्रोल गाडीला ऑइल कॅच कॅन लावावा का? डब्यातले काळे तेल नेमके काय सांगते?

बॉनेट उघडायचे, इंजिनशेजारी बसवलेला छोटा ॲल्युमिनियमचा डबा काढायचा आणि त्यातला काळपट द्रव काचेच्या ग्लासात ओतायचा. ऑइल कॅच कॅनचे बहुतेक व्हिडीओ असेच असतात. ‘हे सगळे इंजिनात जात होते’ असे सांगितले की पाहणारा घाबरतो आणि ऑनलाइन ऑर्डर देऊन मोकळा होतो. हा डबा खरोखर इंजिन वाचवतो का? वॉरंटीचे काय होते? आणि तो चुकीचा बसला तर काय बिघडते?

हा प्रश्न आताच का?

देशात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली. छोट्या डिझेल इंजिनांना ती गाठणे महागात पडू लागले. मारुती सुझुकीने त्याच सुमारास डिझेल गाड्या बंद केल्या. स्कोडा आणि फोक्सवॅगननेही छोट्या-मध्यम गाड्यांत पेट्रोलचाच मार्ग धरला. डिझेलसारखा जोर हवा असलेल्या ग्राहकांसाठी छोटी टर्बो पेट्रोल इंजिने पुढे आली आणि त्यांतील अनेकांत डायरेक्ट इंजेक्शनचे तंत्र होते.

ह्युंदाई व्हेन्यूचे एक लिटर टर्बो इंजिन, क्रेटा आणि किया सेल्टॉसमधील आधीचे १.४ आणि नंतरचे १.५ लिटर टर्बो इंजिन, महिंद्रा एक्सयूव्ही ७०० चे दोन लिटर एमस्टॅलियन ही त्याची उदाहरणे. पुण्याजवळच्या चाकणमध्ये तयार होणाऱ्या कुशाक, स्लाव्हिया, टायगुन आणि व्हर्टस या गाड्यांची टीएसआय इंजिनेही याच प्रकारची आहेत. यांपैकी २०१९ ते २०२१ दरम्यान घेतलेल्या अनेक गाड्यांची मूळ वॉरंटी आता संपली आहे. काही गाड्या दुसऱ्या मालकाकडे गेल्या आहेत. व्हॉल्व्हवर साचणाऱ्या कार्बनचा खर्च आता मालकाच्या खिशातून जाणार असल्याने या डब्याची चर्चा वाढली आहे.

इथे एक गोष्ट आधी तपासावी. टर्बो म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन नव्हे. टाटा नेक्सॉनचे १.२ लिटर टर्बो पेट्रोल इंजिन एमपीएफआय पद्धतीचे आहे. महिंद्रा एक्सयूव्ही ३०० मध्ये तर एमपीएफआय आणि डायरेक्ट इंजेक्शन अशी दोन्ही टर्बो इंजिने मिळत होती. गाडीच्या माहितीपुस्तिकेत जीडीआय, टीजीडीआय, टीएसआय असे काही लिहिले असेल, तरच पुढचा प्रश्न त्या गाडीला लागू होतो.

डायरेक्ट इंजेक्शनमध्ये कार्बन का साचतो?

एमपीएफआय इंजिनात इंजेक्टर सिलिंडरच्या बाहेर, इनटेक व्हॉल्व्हच्या अलीकडे असतो. तीन-चार बार दाबाने फवारलेले पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूवर पडते आणि हवेबरोबर आत जाते. पेट्रोलमध्ये डिटर्जंट मिसळलेले असते. त्यामुळे इंजिन चालू असेपर्यंत व्हॉल्व्ह सतत धुतला जातो.

डायरेक्ट इंजेक्शनमध्ये इंजेक्टर थेट सिलिंडरमध्ये उघडतो आणि पेट्रोल साधारण १५० ते ३५० बार दाबाने आत फवारले जाते. ही कल्पना नवी नाही. १९५४ च्या मर्सिडीझ-बेंझ ३०० एसएलमध्ये ती होती. आधुनिक, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे रूप मित्सुबिशीने १९९६ मध्ये बाजारात आणले. इंधनाची मात्रा अचूक मोजता येते, सिलिंडर आतून थंड राहतो, छोट्या इंजिनातून जास्त ताकद काढता येते. पण इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर पेट्रोलचा थेंबही पडत नाही.

व्हॉल्व्हपर्यंत हवेबरोबर ऑइलचे सूक्ष्म थेंब मात्र येतच राहतात. कढईच्या बाहेर ओघळलेले तेल दर वेळी तापून आधी चिकट आणि मग टणक काळे होते, तसाच थर व्हॉल्व्हच्या पाठीवर चढतो. थर जाड झाला की हवेची वाट अरुंद होते आणि चारही सिलिंडरना सारखी हवा मिळत नाही. सकाळी पहिल्यांदा चालू करताना इंजिन थरथरणे, सिग्नलला उभे असताना आरपीएम वर-खाली होणे, पिकअप कमी होणे, मिसफायरमुळे चेक इंजिनचा दिवा लागणे ही त्याची लक्षणे.

प्रीमियम पेट्रोलने हा थर जात नाही. त्यातील डिटर्जंट इंजेक्टर स्वच्छ ठेवू शकते, पण ते इनटेक व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतच नाही. पेट्रोलच्या टाकीत ओतायच्या ‘कार्बन क्लीनर’ बाटल्यांची मर्यादाही हीच. ई-२० पेट्रोलमुळे व्हॉल्व्ह जास्त किंवा कमी धुतले जातील का, याचे उत्तरही त्यातच आहे.

ऑइल हवेच्या वाटेवर येतेच कसे?

पिस्टन रिंग कितीही नीट बसल्या तरी ज्वलनाच्या वेळी थोडा वायू त्यांच्या फटीतून खाली, ऑइल असलेल्या क्रँककेसमध्ये उतरतो. त्याला ब्लो-बाय म्हणतात. त्यात जळालेला वायू, न जळालेले पेट्रोल आणि पाण्याची वाफ असते. क्रँकशाफ्ट ऑइल घुसळत असल्याने त्यात ऑइलचे तुषारही मिसळतात. हा वायू बाहेर काढला नाही तर दाब वाढून इंजिनचे सील फुटतील.

पूर्वीच्या गाड्यांत तो एका नळीने सरळ रस्त्यावर सोडला जाई. धुरक्याने त्रासलेल्या कॅलिफोर्नियाने १९६१ मध्ये त्यावर उपाय म्हणून पीसीव्ही यंत्रणेची सक्ती केली. क्रँककेसमधला वायू पुन्हा इनटेकमध्ये ओढून जाळायचा, अशी ती रचना. मोटारीच्या प्रदूषणावरील अगदी सुरुवातीच्या उपायांपैकी तो एक होता आणि आज प्रत्येक पेट्रोल गाडीत आहे. एमपीएफआय इंजिनात या वायूबरोबर आलेले ऑइल पेट्रोलने धुऊन जात असे. डायरेक्ट इंजेक्शनने ती धुण्याची सोय काढून घेतली, पण ऑइल येण्याची वाट तशीच ठेवली.

कॅच कॅन काय करतो?

पीसीव्ही व्हॉल्व्हपासून इनटेक मॅनिफोल्डकडे जाणारी नळी मध्येच तोडून तिथे डबा बसवला जातो. गरम वायू डब्यात शिरतो, त्याचा वेग कमी होतो, तो थोडा थंड होतो. चांगल्या डब्यात आडवे पडदे आणि स्टीलची बारीक जाळी असते. तिच्यावर आदळून ऑइलचे तुषार एकमेकांना चिकटतात, थेंब होतात आणि तळाशी उतरतात. उरलेला वायू दुसऱ्या नळीने इनटेकमध्ये जातो. आत काहीच नसलेला पोकळ डबा हे काम फारच कमी करतो. स्वस्त आणि चांगल्या डब्यातला मुख्य फरक बाहेरच्या रंगात नसून आतल्या या जाळीत असतो.

डब्यात ऑइल जमले, म्हणजे व्हॉल्व्ह स्वच्छ राहिले?

व्हिडीओंमधला खरा घोटाळा इथे आहे. डब्यात जमलेला द्रव एवढेच सांगतो, की इतके अडले. किती निसटून पुढे गेले, हे तो सांगत नाही. ते पाहायचे तर इनटेकमधून बोअरोस्कोपचा बारीक कॅमेरा घालून व्हॉल्व्हची पाठच पाहावी लागते.

शिवाय ग्लासात ओतलेले सगळे ऑइल नसते. शहरात पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीचे ऑइल पुरेसे तापत नाही. त्यामुळे डब्यात पाणी आणि पेट्रोलचा मोठा वाटा असतो. कटिंग चहाच्या रंगाचा, फेसाळ द्रव दिसला तर ते पाणी आणि ऑइलचे मिश्रण समजावे. पावसाळ्यात आणि थंडीत ते जास्त दिसते. हे पाणी इंजिनात गेले असते तरी व्हॉल्व्हवर कार्बन म्हणून साचले नसते. म्हणजे ग्लास जितका भरलेला दिसतो, तितका धोका टळला असे नाही.

तिसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा. व्हॉल्व्हवर येणारे सगळे ऑइल पीसीव्हीच्या नळीतूनच येत नाही. व्हॉल्व्हच्या दांडीला जो सील असतो, त्यातूनही थोडे ऑइल वरून झिरपते. टर्बोच्या बेअरिंगमधून काही ऑइल हवेच्या वाटेत येऊ शकते. इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काही क्षण एकाच वेळी उघडे असतात, तेव्हा सिलिंडरमधला काजळीयुक्त वायू उलटा इनटेककडे येतो. या वाटांवर कॅच कॅनचा काहीच इलाज नाही. तो थर साचण्याचा वेग कमी करू शकतो, तो थांबवण्याची हमी देऊ शकत नाही.

परिणाम सिद्ध करायचा तर एकाच प्रकारची दोन इंजिने, तेच ऑइल, तोच रस्ता आणि पन्नास हजार किलोमीटरनंतर दोन्हींच्या व्हॉल्व्हचे फोटो हवेत. विक्रीच्या व्हिडीओंत बहुतेकदा फक्त ग्लास दिसतो.

टर्बो इंजिनाला एक डबा पुरतो?

बऱ्याचदा नाही. गाडी हळू चालत असताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये निर्वात असतो आणि तो पीसीव्ही व्हॉल्व्हमधून वायू ओढतो. एक्स्प्रेस-वेवर ओव्हरटेक करताना किंवा घाट चढताना टर्बो हवा दाबून भरू लागतो. तेव्हा मॅनिफोल्डमधला दाब वाढतो आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह बंद होतो. त्या वेळी ब्लो-बाय सर्वांत जास्त असतो आणि तो दुसऱ्या नळीने टर्बोच्या आधीच्या हवेच्या पाइपमध्ये जातो. एकाच नळीवर बसवलेल्या डब्याला ही दुसरी वाट दिसतच नाही. दोन्ही वाटा सांभाळायच्या तर दोन डबे किंवा एकदिशा व्हॉल्व्ह असलेला दोन तोंडांचा डबा लागतो.

अनेक नव्या इंजिनांत पीसीव्हीची वाट व्हॉल्व्ह कव्हरच्या आत किंवा इंजिन ब्लॉकवरच असते. ऑइल वेगळे करणारा सेपरेटरही कंपनीने तिथेच बसवलेला असतो. अशा इंजिनात तोडायला बाहेर नळीच नसते. मग कव्हरला प्लेट लावून, भोक पाडून ‘जुगाड’ केला जातो आणि खरे धोके तिथून सुरू होतात.

चुकीच्या बसवणुकीचे धोके कोणते?

पहिला धोका डबा रिकामा करायला विसरण्याचा. भरलेल्या डब्यातून वायू ऑइल उचलून थेट इनटेकमध्ये नेतो. थोडे थोडे येणारे ऑइल मग एकदम येते.

दुसरा धोका नळीचा. ऑइल आणि उष्णता सहन न करणारी साधी रबरी नळी आतून फुगते किंवा निर्वाताने चपटी होते. वायूला बाहेर पडायला जागा उरली नाही की क्रँककेसमधला दाब वाढतो आणि क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलमधून ऑइल गळू लागते. तो सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. हिमाचल किंवा लडाखच्या थंडीत डब्यातले पाणी गोठले तरी परिणाम हाच.

तिसरा धोका हवेच्या गळतीचा. जोड सैल राहिला तर इंजिनाच्या कॉम्प्युटरचा हवेचा हिशेब चुकतो. आरपीएम अस्थिर होतो आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. म्हणजे ज्या लक्षणांच्या भीतीने डबा लावला, तीच लक्षणे डब्यामुळे दिसू लागतात.

वॉरंटी आणि कायदा काय म्हणतो?

वॉरंटीतल्या गाडीची पीसीव्ही नळी तोडली आणि पुढे टर्बो, सील किंवा सेन्सरचा दावा आला, तर सर्व्हिस सेंटर आधी त्या डब्याकडे बोट दाखवते. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यामुळे बाहेरचा सुटा भाग बसवला एवढ्याच कारणाने वॉरंटी सरसकट नाकारता येत नाही. परदेशी व्हिडीओंतला बिनधास्तपणा काही अंशी त्यातून येतो. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. वॉरंटी पुस्तिकेतील अटी आणि वाद झाल्यास २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, एवढाच आधार असतो. तिथेही बिघाड डब्यामुळे झाला नाही, हे दाखवण्याचा त्रास मालकाच्याच वाट्याला येतो.

कायद्याच्या बाबतीत दोन प्रकारचे डबे वेगळे ओळखावे लागतात. वायू परत इनटेकमध्ये नेणारा बंद प्रकार आणि वर छोटा फिल्टर लावून वायू बाहेर सोडणारा उघडा प्रकार. दुसरा शर्यतीच्या गाड्यांत वापरतात. रस्त्यावरच्या गाडीला तो चालत नाही, कारण क्रँककेसमधील वायू वातावरणात जाता कामा नये, ही गाडीच्या मंजुरीच्या वेळची अट असते. पीयूसीच्या चाचणीत फक्त सायलेन्सरमधून येणारा धूर तपासला जातो. त्यामुळे पीयूसी मिळाली म्हणजे उघडा डबा वैध ठरला, असे होत नाही. नियमाबाहेरील रेट्रोफिटिंगसाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ ए (४) नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

कंपन्यांनी काय उपाय काढला?

सर्वांत परिणामकारक उपाय इंजिनाच्या रचनेतच आहे. टोयोटाने २००५ च्या सुमारास डी-४एस नावाने दोन्ही प्रकारचे इंजेक्टर एकाच इंजिनात दिले. कमी भारावर पोर्टमधला इंजेक्टर चालतो आणि व्हॉल्व्ह आपोआप धुतले जातात. फोर्डने आपल्या काही इकोबूस्ट इंजिनांत आणि ह्युंदाईने २.५ लिटर टी-जीडीआयमध्ये हीच वाट धरली. मात्र दोन इंजेक्टर म्हणजे दुप्पट सुटे भाग आणि वाढीव किंमत. त्यामुळे भारतातील किफायतशीर टर्बो गाड्यांपर्यंत ही सोय फारशी आलेली नाही. इथे कंपन्यांची भिस्त चांगल्या सेपरेटरवर आणि योग्य ऑइलवर आहे.

मग मालकाने काय करावे?

गाडी वॉरंटीत असेल तर डबा लावण्याची घाई करू नये. त्याऐवजी ऑइलकडे लक्ष द्यावे. कंपनीने पुस्तिकेत दिलेला दर्जाच वापरावा. २०२० पासून लागू झालेला एपीआय एसपी हा दर्जा टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांत कमी वेगावर होणारे अकाली ज्वलन टाळण्यासाठी तपासलेला असतो. ऑइलच्या माहितीपत्रकात ‘नोआक’ हा आकडाही पाहावा. ऑइल २५० अंश सेल्सिअसला एक तास तापवल्यावर किती टक्के उडून जाते, ते हा आकडा सांगतो. एपीआय एसपी दर्जात त्याची कमाल मर्यादा १५ टक्के आहे. आकडा जितका कमी, तितकी क्रँककेसमधून जाणारी ऑइलची वाफ कमी.

गाडी रोज छोट्या फेऱ्यांसाठी वापरली जात असेल, तर किलोमीटर भरण्याची वाट न पाहता मुदतीनुसार ऑइल बदलावे. आठवड्यातून एकदा तरी इंजिन पूर्ण तापेल इतकी, अर्ध्या-पाऊण तासाची सलग फेरी व्हावी. तेवढ्यात ऑइलमधले पाणी आणि पेट्रोल बरेचसे उडून जाते.

वॉरंटी संपली असेल आणि गाडी पन्नास-साठ हजार किलोमीटर चालली असेल, तर आधी बोअरोस्कोपने व्हॉल्व्ह पाहून घ्यावेत आणि फोटो मागून ठेवावेत. थर पातळ असेल तर काहीच करण्याची गरज नाही. जाड असेल तर मॅनिफोल्ड काढून, व्हॉल्व्ह बंद ठेवून अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या दाबाने मारला जातो. हा भुगा कार्बन खरवडण्याइतका कठीण आणि धातूला ओरखडा न पडण्याइतका मऊ असतो. हे काम प्रत्येक गॅरेजमध्ये होत नाही. त्यामुळे आधी केलेल्या कामाचे फोटो पाहूनच गाडी द्यावी.

कॅच कॅन लावायचाच असेल तर व्हॉल्व्ह साफ केल्यानंतरचा काळ सर्वांत योग्य. साचलेला कार्बन तो काढू शकत नाही. ऐंशी हजार किलोमीटरनंतर, सफाई न करता डबा लावणे म्हणजे वरातीमागून घोडे. डबा बंद प्रकारचा, आत जाळी असलेला, मूळ नळीइतक्याच व्यासाच्या आणि ऑइल सहन करणाऱ्या नळीचा असावा. तो एक्झॉस्टपासून दूर बसवावा. सुरुवातीला दर हजार किलोमीटरला उघडून पाहावा, म्हणजे त्या इंजिनात किती दिवसांत तो किती भरतो याचा अंदाज येतो. जमलेला द्रव पुन्हा इंजिनात ओतू नये आणि गटारातही टाकू नये. गॅरेजमधल्या वापरलेल्या ऑइलच्या पिंपात द्यावा.

ज्यांना महिन्या-दोन महिन्यांनी बॉनेट उघडून डबा रिकामा करणे जमणार नाही, त्यांनी तो न लावलेलाच बरा. जुनी टर्बो गाडी विकत घेणाऱ्यांनी मात्र सौदा ठरण्याआधी दोन गोष्टी मागाव्यात : ऑइल बदलल्याच्या सर्व पावत्या आणि व्हॉल्व्हचे बोअरोस्कोपने काढलेले फोटो. गाडीत आधीच कॅच कॅन लावलेला असेल, तर त्याच्या नळ्या कुठून कुठे जातात आणि मूळ जोड जागेवर आहेत का, तेही विश्वासू मेकॅनिककडून पाहून घ्यावे.